बांधावरचा गुंठा आणि उपग्रहाचा चौकोन : नकाशावरून देशी मधमाश्यांचा अंदाज

परागीभवनाचा विषय निघाला की आपल्या डोळ्यांसमोर प्रथम मधमाश्यांची पेटी उभी राहते. सूर्यफूल, मोहरी, कांदा बीजोत्पादन, डाळिंब अशा पिकांत फुलोऱ्याच्या काळात पेट्या ठेवण्याची शिफारस विस्तार कार्यकर्ते नित्य करतात आणि ती योग्यच आहे. परंतु पेटीत राहणाऱ्या माश्या हा एकूण परागवाहकांचा लहानसा भाग होय. भारतातून सातशेहून अधिक जातींच्या मधमाश्यांची नोंद झालेली आहे. त्यांपैकी माणसाने पेटीत बसविलेल्या जाती हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या आहेत. उरलेल्या बहुतेक सर्व एकेकट्या राहणाऱ्या असून जमिनीतील बिळांत, वाळक्या काड्यांच्या पोकळीत, जुन्या लाकडात किंवा भिंतींच्या भेगांत घरटी करतात. त्यांचा मध आपल्याला मिळत नाही, म्हणून त्यांची गणतीही कोणी करीत नाही.

पिकाच्या दृष्टीने मात्र त्या बिनमहत्त्वाच्या नाहीत. वांग्याचे उदाहरण घ्यावे. वांग्याच्या फुलात मकरंद नसतो आणि परागकण पुंकेसराच्या टोकाशी असलेल्या बारीक छिद्रातून, फूल थरथरल्यावरच बाहेर पडतात. पेटीतील मधमाशीला अशी थरथर निर्माण करता येत नाही. निळ्या पट्ट्यांची माशी आणि सुतार भुंगा यांना ती येते. सकाळी वांग्याच्या प्लॉटमध्ये उभे राहिल्यास फुलाला बिलगून होणारा त्यांचा तीव्र गुणगुणाट सहज ऐकू येतो. तुरीचे संकरित बियाणे तयार करताना नर-वंध्य ओळीत पराग नसतोच. तो शेजारच्या ओळीतून वाहून आणण्याचे काम मुख्यतः पानकापी माश्या आणि सुतार भुंगे करतात. कॅलिफोर्नियातील संकरित सूर्यफूल बीजोत्पादनात तर असे आढळले की, रानमाश्यांच्या सान्निध्यात पेटीतील मधमाश्याही नर ओळींतून मादी ओळींत अधिक वेळा जातात आणि त्यांची परागीभवन-क्षमता पाचपटीपर्यंत वाढते. म्हणजे रानमाशी ही पेटीची प्रतिस्पर्धी नसून पूरक आहे.

आता प्रश्न असा की, या माश्या कोठे किती असतील हे आधी कसे ओळखावे? प्रत्येक गावात वर्षभर माश्या पकडून, टाचून, ओळखून मोजणे शक्य नाही. त्यासाठी लागणारे वर्गीकरणतज्ज्ञ देशात मोजकेच आहेत. परंतु माशी ज्या जमिनीवर जगते ती जमीन उपग्रहाला दिसते. जमिनीच्या नकाशावरून माश्यांच्या विपुलतेचा अंदाज बांधण्याची पद्धत गेल्या दीड दशकात बरीच रुळली आहे. ती कशी चालते, कोठे यशस्वी ठरली आणि कोठे फसली हे पाहणे प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. त्यातही जेथे ती फसली, ते ठिकाण आपल्या शेतीला सर्वांत जवळचे आहे.

प्रारूपाची रचना

एरिक लॉन्सडॉर्फ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ मध्ये या विषयावरील पहिले संख्यात्मक प्रारूप चाचण्यांसह प्रसिद्ध केले. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाशी संलग्न नॅचरल कॅपिटल प्रोजेक्टच्या ‘इन्व्हेस्ट’ या मोफत संगणकप्रणालीत ते समाविष्ट आहे आणि कोणालाही वापरता येते. त्याची मूळ कल्पना शेतकऱ्याला सांगितली तर त्याला त्यात नवीन काही वाटणार नाही : माशीला राहायला जागा हवी, खायला फुले हवीत आणि दोन्ही एकमेकांपासून तिच्या पंखांना झेपेल इतक्याच अंतरावर हवीत.

म्हणून प्रारूपाला तीन गोष्टी पुरवाव्या लागतात. पहिली, भूआच्छादनाचा नकाशा : कोठे जंगल, कोठे माळ, कोठे ऊस, कोठे वस्ती. दुसरी, एक कोष्टक, ज्यात प्रत्येक प्रकारच्या जमिनीला घरट्यांच्या सोयीसाठी आणि प्रत्येक हंगामातील फुलांसाठी शून्य ते एक यांदरम्यान गुण दिलेले असतात. जमिनीत घरटे करणाऱ्या आणि पोकळीत घरटे करणाऱ्या माश्यांसाठी गुण वेगळे. तिसरी, प्रत्येक माशीचे सरासरी संचार-अंतर. हे अंतर माशीच्या अंगलटीवर अवलंबून असते. पंखांच्या दोन मुळांमधील रुंदी मोजून ते काढण्याचे सूत्र २००७ मध्ये प्रसिद्ध झाले आहे. लहान डंखरहित माशी काही शे मीटरांच्या पलीकडे सहसा जात नाही, तर आग्या मोहोळाची माशी कित्येक किलोमीटर जाते.

या तिन्हींवरून संगणक प्रथम ‘माश्या कोठे वाढतील’ याचा नकाशा काढतो आणि नंतर ‘त्या कोणत्या शेतापर्यंत पोहोचतील’ याचा. अंतर वाढेल तसा प्रभाव झपाट्याने घटतो. माशीचे सरासरी संचार-अंतर ५०० मीटर असेल, तर १०० मीटरवरील अधिवासाचे वजन ०.८२, २५० मीटरवर ०.६१, ५०० मीटरवर ०.३७ आणि एक किलोमीटरवर केवळ ०.१४ उरते.

कागदावर एक उदाहरण सोडवून पाहू. यातील गुण समजुतीसाठी घेतलेले आहेत, कोणत्याही गावाचे नाहीत. काकडीचे एक शेत आहे. त्याच्या एका अंगाला ऊस, ३०० मीटरवर ओढा, ८०० मीटरवर गायरान आणि आजूबाजूला, सरासरी ५० मीटरवर, न नांगरलेले बांध आहेत. जमिनीत घरटे करणाऱ्या लहान माशीसाठी गुण असे धरू :

गायरान व झुडपी माळ : घरटी ०.८, फुले ०.६, गुणाकार ०.४८
ओढ्याकाठची झाडी : घरटी ०.६, फुले ०.७, गुणाकार ०.४२
न नांगरलेला बांध : घरटी ०.७, फुले ०.५, गुणाकार ०.३५
ऊस : घरटी ०.१, फुले ०.०, गुणाकार ०

(प्रत्यक्ष प्रारूपात फुलांचे गुण घरट्याभोवतीच्या सर्व जमिनीतून अंतराच्या प्रमाणात गोळा होतात, येथे सोयीसाठी घरटे व फुले एकाच ठिकाणी धरली आहेत.)

आता अंतराचे वजन लावू. संचार-अंतर ५०० मीटर असलेल्या माशीसाठी गायरानाच्या एका गुंठ्याचा वाटा ०.१० येतो, ओढ्याच्या गुंठ्याचा ०.२३ आणि बांधाच्या गुंठ्याचा ०.३२. गायरान गुणांनी सर्वांत श्रीमंत, पण काकडीच्या शेतापर्यंत पोहोचेपर्यंत त्याचा प्रभाव बांधाच्या एक-तृतीयांशावर येतो. माशी मोठी असेल आणि तिचे संचार-अंतर १५०० मीटर असेल, तर चित्र बदलते : गायरान ०.२८, बांध ०.३४, दोघेही जवळपास सारखे. अर्थ असा की, लहान माश्यांवर अवलंबून असलेल्या पिकाला दूरच्या जंगलाचा आधार पुरत नाही. त्याला आधार शेजारचाच लागतो.

तीन कसोट्या, दोन यश आणि एक अपयश

प्रारूप तयार झाल्यावर ते तीन ठिकाणच्या प्रत्यक्ष नोंदींशी ताडून पाहण्यात आले.

पहिले ठिकाण कोस्टा रिका या मध्य अमेरिकी देशातील कॉफीचा मळा. टेलर रिकेट्स आणि सहकाऱ्यांनी तेथे २००४ मध्ये दाखवून दिले होते की, जंगलाच्या सुमारे एक किलोमीटरच्या आत असलेल्या कॉफीचे उत्पादन २० टक्क्यांनी अधिक भरते आणि एकदाणी, म्हणजे एकच बी भरलेल्या, फळांचे प्रमाण २७ टक्क्यांनी घटते. जंगलाच्या दोन तुकड्यांमुळे त्या एका मळ्याला होणारा लाभ वर्षाला सुमारे ६०,००० डॉलर इतका काढण्यात आला होता. दुसरे ठिकाण उत्तर कॅलिफोर्नियातील कलिंगड आणि सूर्यफुलाची शेते. येथे क्लेअर क्रेमेन यांच्या गटाने २००२ मध्ये दाखविले होते की, नैसर्गिक अधिवासाजवळच्या सेंद्रिय शेतांत केवळ देशी माश्याच कलिंगडाचे पूर्ण परागीभवन करू शकतात. बाजारात विकण्याजोगे फळ धरण्यास मादी फुलावर साधारण ५०० ते १००० परागकण पडावे लागतात आणि तेवढे त्या पाडतात. दूरच्या, गहन शेतीच्या पट्ट्यात मात्र त्या कमी पडतात. या दोन्ही प्रदेशांत प्रारूपाचा अंदाज आणि प्रत्यक्ष नोंदी यांचा चांगला मेळ बसला. शेताशेतांतील फरकाचा ८० टक्क्यांपर्यंतचा भाग नकाशावरून उलगडला.

तिसरे ठिकाण अमेरिकेच्या पूर्व भागातील न्यू जर्सी व पेनसिल्व्हेनिया. पीक तेच, कलिंगड. येथे प्रारूप साफ चुकले. नकाशाने ज्या शेतांना माश्या कमी दाखविल्या तेथे त्या कमी नव्हत्या आणि जेथे अधिक दाखविल्या तेथे अधिक नव्हत्या. गंमत अशी की, याच प्रदेशात रेचेल विनफ्री यांच्या २००७ मधील अभ्यासात ९० टक्क्यांहून अधिक शेतांवर केवळ देशी माश्यांनी कलिंगडाचे पुरेसे परागीभवन केल्याचे आढळले होते. म्हणजे माश्या भरपूर होत्या. नकाशाला त्या कोठून येतात हे कळत नव्हते.

संशोधकांनी हे अपयश झाकून ठेवले नाही. त्यांनी दिलेले संभाव्य कारण असे : प्रारूपाचे तर्कशास्त्र चुकलेले नसावे, पण शेतांभोवतीची बारीकसारीक फुले आणि घरट्यांच्या लहान जागा नकाशात आल्याच नाहीत. कॅलिफोर्नियात एकीकडे मैलोन्‌मैल एकसलग पीक आणि दुसरीकडे टेकड्यांवरचा नैसर्गिक अधिवास असा ढोबळ विरोध आहे, तो उपग्रहाला सहज दिसतो. न्यू जर्सीत लहान शेते, मधूनमधून झाडी, पडीक कोपरे आणि रस्त्याकडेची तणे यांची सरमिसळ आहे. प्रारूपाची संवेदनशीलता तपासली तेव्हाही हेच दिसले : पिकाखालील क्षेत्राला घरट्यांचे व फुलांचे किती गुण दिले यावरच अंदाज मुख्यत्वे हेलकावे खातो. म्हणजे जो भाग आपण ‘शेती’ असे एकच नाव देऊन मोकळे होतो, त्याच भागात उत्तर दडलेले असते.

वाचकांनी येथे क्षणभर थांबून स्वतःच्या शिवाराकडे पाहावे. ते कॅलिफोर्नियासारखे दिसते की न्यू जर्सीसारखे?

आपल्या शिवाराचे गणित

२०१५-१६ च्या कृषी गणनेनुसार भारतातील सरासरी जमीनधारणा १.०८ हेक्टर आहे. धारणा लहान म्हणजे सीमा अधिक, आणि सीमा म्हणजे बांध. मोफत मिळणाऱ्या उपग्रह-प्रतिमांत सेंटिनेल-२ ची प्रतिमा बरीच बारीक समजली जाते. तिचा एक चौकोन १० मीटर बाय १० मीटर, म्हणजे १०० चौरस मीटर असतो. आपला गुंठा १०१ चौरस मीटरांचा. योगायोगाने उपग्रहाचा चौकोन आणि तलाठ्याचा गुंठा जवळजवळ तंतोतंत जुळतात. परंतु दीड मीटर रुंदीचा बांध या गुंठ्यात मावून हरवतो. त्याच्या दोन्ही बाजूंचे पीक चौकोनाचा रंग ठरविते आणि संगणक तेथे ‘पीक’ असे लिहून पुढे जातो. लँडसॅटच्या ३० मीटरच्या चौकोनात तर नऊ गुंठे एकाच नावाखाली जातात.

हरवलेला हा बांध किती असतो? एक एकराचा चौरस प्लॉट धरल्यास त्याची प्रत्येक बाजू सुमारे ६४ मीटर आणि परिमिती सुमारे २५४ मीटर होते. दीड मीटर रुंदीचा बांध दोन शेजाऱ्यांत निम्मा निम्मा धरला, तर प्रत्येक एकराच्या वाट्याला सुमारे १९० चौरस मीटर, म्हणजे जवळपास दोन गुंठे बांध येतो. हे प्रमाण पावणेपाच टक्क्यांच्या आसपास आहे. काकडीच्या शेताभोवती ५०० मीटर त्रिज्येचे वर्तुळ काढले तर त्यात साधारण १९४ एकर जमीन येते आणि त्यात नऊ एकर बांध असतो. एका बऱ्यापैकी देवराईएवढा अधिवास शेताच्या अगदी जवळ असून नकाशावर त्याची किंमत शून्य. वरच्या कोष्टकात ज्याचा वाटा सर्वांत मोठा निघाला, तोच हा बांध.

याचा परिणाम केवळ शास्त्रीय चुकीपुरता राहत नाही. ज्या नकाशात बांध नाही, त्या नकाशात बांध गेल्याचे नुकसानही दिसत नाही. यंत्र लावून बांध कोरला, बांधावर सरसकट तणनाशक फवारले, ओढ्याचा काठ सपाट करून दोन ओळी वाढविल्या, तरी संगणकाचा आधीचा आणि नंतरचा अंदाज तोच राहील. अशा नकाशाच्या आधारे ‘या गावात रानमाश्या नाहीतच, पेट्या आणा’ असा सल्ला गेला, तर पेट्या येतीलही, परंतु वांगी आणि तुरीच्या माश्या बांधाबरोबर जातील. नकाशांकन जसजसे स्वस्त आणि सुलभ होत आहे तसतशी ही भीती वाढत आहे, असे आमचे मत आहे. संगणकाच्या रंगीत चित्राला लोक प्रत्यक्ष पाहणीपेक्षा अधिक मान देतात.

नकाशा दुरुस्त करण्याची रीत

दुरुस्ती अवघड नाही. तिला श्रम लागतात, आणि ते श्रम विस्तार कार्यकर्त्याखेरीज अन्य कोणी करू शकणार नाही. पाया म्हणून ‘इस्रो’च्या भुवन संकेतस्थळावरील भूआच्छादनाचे नकाशे किंवा युरोपीय अवकाश संस्थेचा १० मीटरचा ‘वर्ल्डकव्हर’ नकाशा घ्यावा. क्यूजीआयएस या मोफत प्रणालीत तो उघडून त्यावर गावाची स्पष्ट प्रतिमा ठेवावी आणि बांध, ओढे, पाणंद रस्ते, विहिरींचे काठ, कुंपणे रेघांनी रेखाटावीत. प्रत्येक रेघेला तिची खरी रुंदी द्यावी आणि मग संपूर्ण नकाशा एक-दोन मीटरच्या चौकोनांत बदलून घ्यावा. संपूर्ण जिल्ह्यासाठी हे जड जाईल. एका गावासाठी साधा संगणक पुरतो.

त्यानंतरचे काम पायी करण्याचे. सर्व बांध सारखे नसतात. एकावर बोर, बाभूळ, करंज, तरवड असते आणि खाली एकदांडी, कुर्डू फुललेले असते. दुसरा दरवर्षी नांगराने खरवडलेला असतो. जमिनीत घरटे करणाऱ्या माशीला उघडी, घट्ट, पाणी न साचणारी आणि शक्यतो उतरती माती लागते. बांधाच्या कुशीत, पायवाटेच्या कडेला, ओढ्याच्या उभ्या काठावर पेन्सिलीच्या जाडीची किंवा त्याहून बारीक छिद्रे आणि तोंडाशी मोकळ्या मातीची लहानशी रास दिसली, की तेथे बहुधा त्यांची वस्ती असते. शंका असल्यास मुंगीचे बीळ आहे की माशीचे, हे दहा मिनिटे बसून पाहावे. सुतार भुंगा वाळक्या लाकडात, गोठ्याच्या वाशात, बांबूत आढळतो. पानकापी माशी पोकळ काड्यांत घरटे करते आणि गुलाब किंवा तुरीच्या पानावर कंपासने काढल्यासारखे अर्धवर्तुळ कापून जाते. तो किडीचा प्रादुर्भाव समजून फवारणी केल्याची उदाहरणे दुर्मीळ नाहीत.

फुलांचे गुण हंगामवार द्यावेत. आपल्याकडे पावसाळ्याच्या अखेरीस, सप्टेंबर-ऑक्टोबरात, बांध फुलांनी भरलेला असतो, तेव्हा त्याला ०.८ दिले तरी चालेल; एप्रिल-मेमध्ये तोच बांध ०.१ वर येतो आणि त्या काळात भार करंज, कडुनिंब, शेवगा यांसारख्या झाडांवर पडतो. उन्हाळी काकडी-कलिंगडाच्या पट्ट्यात वसंतानंतरची ही पोकळी निर्णायक ठरते. ज्या गावाचा वार्षिक सरासरी गुण उत्तम, त्या गावातही उन्हाळी पिकाला माश्या मिळतीलच असे नाही.

परदेशी कोष्टके जशीच्या तशी उचलण्याचा मोह टाळावा. अमेरिकेत मधमाशी बाहेरून आणलेली आहे, म्हणून तेथील ‘देशी माश्यां’च्या अभ्यासात ती नसते. आपल्याकडे आग्या, सातेरी, फुलोरी आणि डंखरहित या मोहोळ करणाऱ्या माश्या स्वतःच देशी आहेत, त्यांची घरटी आणि संचार निराळे आहेत. आग्या मोहोळ उंच झाडावर, कड्यावर, पाण्याच्या टाकीखाली बसते. त्याला बांधाकडून घरटे नको, फक्त फुले हवीत. म्हणून कोष्टकात त्याची ओळ स्वतंत्र असावी. शिवाय आग्या मोहोळे हंगामानुसार स्थलांतर करतात. कर्नाटकातील कोडगू जिल्ह्यात रोबस्टा कॉफीवर प्रामुख्याने आग्या, सातेरी आणि डंखरहित या तीन माश्या काम करतात. तेथे कॉफी पावसानंतर किंवा तुषार सिंचनानंतर एकदम फुलते आणि फुलोरा मोजकेच दिवस टिकतो. एकाच वेळी सर्व मळे फुलले तर माश्या विभागल्या जातात, मागेपुढे फुलले तर एकेका मळ्याला अधिक मिळतात. जमिनीचा स्थिर नकाशा हे सांगू शकत नाही. कोणी कधी पाणी दिले, याची नोंद त्याला जोडावी लागते.

आणखी एक उणीव स्पष्टपणे सांगितली पाहिजे. मूळ प्रारूप फवारणी जाणत नाही. वारंवार कीटकनाशक फवारल्या जाणाऱ्या कपाशीच्या कडेचा हिरवागार बांध नकाशावर श्रीमंत दिसेल आणि प्रत्यक्षात रिकामा असेल. अशा बांधाचे गुण स्थानिक माहितीवरून कमी करावेत. किती कमी करावेत याचे तयार सूत्र नाही, ते खालील मोजणीतूनच ठरेल.

अंदाजाचा अर्थ किती घ्यावा

या प्रारूपातून निघणारा आकडा माश्यांची संख्या नसतो. तो सापेक्ष निर्देशांक असतो : अमुक शेतापेक्षा तमुक शेताला अधिक माश्या मिळण्याची शक्यता. त्यावरून उत्पादन किती क्विंटल वाढेल हे थेट काढता येत नाही. मोठ्या प्रमाणावरील नकाशांबाबत हे विशेष लक्षात ठेवावे. इन्सू कोह आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये अमेरिकेचा असा नकाशा प्रसिद्ध केला आणि २००८ ते २०१३ या काळात २३ टक्के भूभागावर रानमाश्यांची विपुलता घटल्याचा निष्कर्ष काढला. तो आकडा माश्या मोजून आलेला नव्हता. जमिनीच्या वापरातील बदल आणि तज्ज्ञांनी दिलेले गुण यांवरून आलेला अंदाज होता. लेखकांनी अनिश्चितताही दाखविली होती, बातम्यांत ती गळून गेली. दुसरीकडे, २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, २३ पिकांवरील ३९ अभ्यासांच्या एकत्रित विश्लेषणात याच प्रारूपाचा निर्देशांक वापरला गेला आणि जेथे अधिवास चांगला व शेतातच विविधता, तेथे माश्या अधिक, हे सूत्र जगभर टिकले. तेव्हा पद्धत टाकाऊ नाही. ती दिशा बरोबर दाखविते. गावातील वाट मात्र गावातच तपासावी लागते.

तपासणीची रीत सोपी ठेवावी. दुरुस्त नकाशावरून एकाच पिकाची नऊ शेते निवडावीत : तीन जेथे निर्देशांक अधिक, तीन मध्यम, तीन कमी. वाण आणि लागवडीची वेळ शक्यतो सारखी असावी आणि कोणत्याही शेताजवळ पेट्या नसाव्यात. निरभ्र, कमी वाऱ्याच्या दिवशी, सकाळी फुले उमलल्यापासून दुपारपूर्वीपर्यंत, प्रत्येक शेतात ठरावीक फुलांसमोर दहा-दहा मिनिटे उभे राहून भेटी मोजाव्यात. जात ओळखता आली नाही तरी आग्या, सातेरी, फुलोरी, डंखरहित, सुतार भुंगा, निळ्या पट्ट्यांची, पानकापी आणि ‘इतर लहान’ एवढे गट पुरतात. किमान तीन वेगवेगळ्या दिवशी ही मोजणी व्हावी. त्याचबरोबर प्रत्येक शेतात काही मादी फुले जाळीच्या पिशवीत झाकावीत, काहींचे हाताने परागीभवन करावे, काही उघडी सोडावीत. उघड्या फुलांची फळधारणा हाताने केलेल्याइतकी असेल, तर तेथे परागवाहकांची उणीव नाही आणि पेटीवरचा खर्च त्या हंगामात अनावश्यक आहे. ती बरीच कमी असेल, तर उणीव आहे. आणि आजची उणीव पेटीने भरून निघत असली तरी पुढच्या वर्षांसाठी बांधाकडे पाहावे लागेल.

मोजणीनंतर नऊ शेतांचा क्रम नकाशाच्या क्रमाशी ताडावा. क्रम साधारण जुळला तर त्या गावाचे कोष्टक शेजारच्या गावात वापरून पाहता येईल. न जुळल्यास ज्या शेताने सर्वांत मोठी चूक दाखविली, तेथे परत जावे. कमी निर्देशांकाच्या शेतात माश्या भरपूर निघाल्या, तर तिच्या मागे एखादी पडकी विहीर, जुना मातीचा वाडा, वाळलेले बांबूचे बेट किंवा कोणी न खरवडलेला ताल निघण्याचा संभव मोठा. ती जागा नकाशात भरावी आणि तिच्या मालकाला ती कशासाठी राखायची ते सांगावे.

पीक निवडताना एक काळजी घ्यावी. वेलवर्गीय भाज्यांत काकडी, कलिंगड, कारले, लाल भोपळा, गिलके यांची फुले पहाटे किंवा सकाळी उमलतात. या मोजणीसाठी ती योग्य. दुधी भोपळा आणि दोडका यांची फुले संध्याकाळी उमलतात, तेव्हा बहुतेक मधमाश्या घरट्यांकडे परतलेल्या असतात आणि फुलांवर पतंग येऊ लागतात. या दोन पिकांत सकाळची मोजणी करून ‘माश्या नाहीत’ असा शेरा वहीत लिहू नये.